चार कॉट, एक टीव्ही: शेअर खोलीसाठी टीव्ही निवडताना

पुण्यात कर्वेनगरातल्या आमच्या खोलीत चार कॉट होत्या, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि एकच खिडकी. पहिल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून परत आल्यावर चौघांनी काँट्री काढली आणि ४३ इंची टीव्ही आणला. दुकानात तो फार सुंदर दिसला होता. खोलीत आणल्यावर कळलं की त्याचे पाय टेबलावर मावत नाहीत. मग कपाट हलवलं, ते खिडकीच्या अर्ध्या भागावर आलं, आणि खिडकीशेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मित्राचा उजेड गेला. तो मित्र टीव्ही पाहायचाही नाही. त्याला पहाटे साडेचारला उठून अभ्यास करायची सवय होती. जून महिन्यात त्याने खोली सोडली आणि आपला चौथा हिस्सा परत मागितला. आमच्याकडे द्यायला पैसे नव्हते. शेवटी टीव्ही अर्ध्याहून कमी किमतीत विकला, आणि ज्याच्याबरोबर वर्षभर एकाच डब्यातली भाजी वाटून खाल्ली त्याच्याशी बोलणं तुटलं.

त्यानंतरच्या वर्षांत मी दोन खोल्यांसाठी टीव्ही घेतले, आणि नव्याने पुण्यात येणाऱ्या बऱ्याच मुलांना घ्यायला मदत केली. शेअर खोलीचा टीव्ही निवडताना पहिला विचार करायचा तो टीव्ही न पाहणाऱ्या रूम पार्टनरचा. आकार, आवाज, जागा, पैसे हे सगळं त्याच्यापासून मोजायला सुरुवात केली की निवड सोपी होते. खाली ज्या क्रमाने सांगतोय त्याच क्रमाने जा. दुकान बरंच पुढे आहे.

आधी परवानगी

कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये असाल तर नियमांचं पत्रक काढून वाचा, आणि त्यात स्पष्ट नसेल तर रेक्टरना जाऊन विचारा. बऱ्याच हॉस्टेलांमध्ये टीव्हीसाठी वेगळा हॉल असतो आणि खोलीत स्वतःची विजेची उपकरणं चालत नाहीत. चोरून आणलेला टीव्ही तपासणीत जप्त झाला तर भांडायला जागा राहत नाही. अशा हॉस्टेलात लॅपटॉपसाठी २४ इंची मॉनिटर चालतो का, हे विचारून पाहा. अभ्यासाची वस्तू म्हणून त्याला अनेकदा हो म्हणतात.

कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन) किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये असाल तर घरमालकांना तीन गोष्टी विचारा: भिंतीत छिद्रं पाडलेली चालतील का, लाइट बिल भाड्यातच आहे की सबमीटरप्रमाणे, आणि गच्चीवर किंवा बाल्कनीत डिश लावू देणार का. उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. खोली सोडताना चार छिद्रांसाठी डिपॉझिटमधून पैसे कापले जाण्याचा अनुभव पुण्यात अनेकांना आहे. साधारण अकरा महिन्यांचा करार असतो, तेवढ्यासाठी भिंतीत ड्रिल मारू नये असंच माझं मत आहे. टीव्ही टेबलावर उभा करा.

मग रूम पार्टनरला विचारा. तो कधी झोपतो, कधी उठतो, अभ्यास कुठे बसून करतो. त्याचं उत्तर "नको" असेल तर तिथेच थांबा.

मोजपट्टी घ्या

टीव्हीचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. त्यामुळे ३२ आणि ४३ हे आकडे ऐकून फरक डोळ्यांसमोर येत नाही. ३२ इंची पडदा साधारण ७१ सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच असतो. ४३ इंची साधारण ९५ सेंमी रुंद आणि साडेत्रेपन्न सेंमी उंच. २४ इंची ५३ सेंमी रुंद. यात चौकटीचा एखाद-दुसरा सेंटिमीटर वाढवा.

आता जुन्या वर्तमानपत्राची पानं जोडून ७१ बाय ४० चा आयत कापा आणि जिथे टीव्ही येणार तिथे भिंतीला चिकटवा. प्रत्येकाने आपापल्या कॉटवर जाऊन, रोज जसे बसता किंवा आडवे होता तसेच, तो कागद पाहायचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण कुणाची मान वाकडी होतेय, कुणाच्या आड कपाट येतंय, दिवा लावल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर चमक येतेय हे सगळं तेव्हाच कळतं. दोन दिवस कागद तसाच राहू द्या.

अंतराचा ढोबळ हिशेब: पडद्याच्या इंचांची दीड पट ते दुप्पट. ३२ इंचांसाठी चार ते सव्वापाच फूट, ४३ इंचांसाठी साडेपाच ते सात फूट. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत कॉटनेच तीन फूट खाल्लेले असतात, टेबल दीड-दोन फूट घेतं. उशीपासून पडद्यापर्यंत पाच-सहा फूट उरतात. म्हणून तिघा-चौघांच्या खोलीला ३२ इंच, दोघांच्या छोट्या खोलीला २४ इंच. ४३ इंचाचा विचार हॉल असलेल्या फ्लॅटमध्येच करा, म्हणजे झोपायची खोली वेगळी राहते.

एक मोजमाप लोक हमखास विसरतात. हल्लीच्या बहुतेक टीव्हींना मधोमध एक स्टँड नसतो, दोन टोकांना दोन पाय असतात. ३२ इंची टीव्हीचे पायसुद्धा टेबलाच्या कडांबाहेर जाऊ शकतात. दुकानात दोन पायांमधलं अंतर मोजा, ऑनलाइन घेत असाल तर मापांच्या चित्रात पाहा. आमचा घोळ इथेच झाला होता.

खिडकीच्या समोरच्या भिंतीवर टीव्ही ठेवू नका, दिवसा पडद्यात खिडकीच दिसेल. आणि झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर थेट उजेड पडेल अशा जागीही नको.

बाजूच्या कॉटवरून कसा दिसतो

घरच्या हॉलमध्ये सगळे समोर सोफ्यावर बसतात. शेअर खोलीत एक जण समोर असतो आणि बाकीचे दोन्ही बाजूंच्या कॉटवर, तिरके, तेही आडवे पडलेले. त्यामुळे कुठल्या कोनातून चित्र किती टिकतं याला इथे फार महत्त्व आहे, आणि विक्रेते याबद्दल सहसा बोलत नाहीत.

साध्या एलईडी टीव्हीत मुख्यतः दोन प्रकारची पॅनेलं, म्हणजे चित्र दाखवणारे पडदे, येतात. आयपीएस पॅनेलमध्ये बाजूने पाहिलं तरी रंग बऱ्यापैकी तसेच राहतात, मात्र अंधाऱ्या खोलीत काळा रंग थोडा राखाडी वाटतो. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद येतो, समोरून चित्र जास्त ठसठशीत दिसतं, पण बाजूला सरकलात की ते फिकट पडतं. एकटा माणूस समोर बसून रात्री सिनेमे पाहणार असेल तर व्हीए घ्या. चौघांच्या खोलीसाठी मी आयपीएसच घेईन. खोक्यावर हे लिहिलेलं नसतं आणि एकाच मॉडेलमध्ये पॅनेल बदलूही शकतं, म्हणून डोळ्यांनी तपासा.

दुकानात फुलांचे, पोपटांचे, चकचकीत व्हिडिओ चालू असतात. ते बंद करून बातम्यांचं चॅनेल, एखादी मालिका किंवा क्रिकेटचा सामना लावायला सांगा. मग समोरून बाजूला चालत जा, पडद्याशी साधारण ४५ अंशांचा कोन होईपर्यंत. माणसांच्या चेहऱ्याचा रंग बघा. चेहरा धुरकट, धुतल्यासारखा दिसायला लागला तर तुमच्या बाजूच्या कॉटवरून रोज तसाच दिसणार आहे. त्याच कोनातून थोडं खाली वाकूनही बघा. विक्रेत्याला कंटाळा आला तरी चालेल.

बाकीच्या चित्राबद्दल थोडक्यात. एचडी रेडी म्हणजे १३६६ बाय ७६८ ठिपके, फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, ४के म्हणजे ३८४० बाय २१६०. ३२ इंचांवर पाच-सहा फुटांवरून मालिका आणि सामने पाहायचे असतील तर एचडी रेडी पुरतो. लॅपटॉप जोडून कोडिंग, ड्रॉइंग, प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन करायचं असेल तर फुल एचडीच घ्या, कारण एचडी रेडीवर बारीक अक्षरं फुटतात. ३२ इंचांवर ४केसाठी पैसे घालू नका. स्वस्त टीव्हीवर एचडीआर (उजळ आणि अंधारे भाग एकाच चित्रात नीट दाखवण्याची सोय) लिहिलेलं असलं तरी ते दाखवायला लागणारा उजेड त्या पडद्यात नसतो.

आवाज

रात्री अकरानंतर शेअर खोलीत टीव्हीचा आवाज शून्य हवा. त्यामुळे खरेदीची यादी करताना स्पीकर किती वॉटचा आहे यापेक्षा हेडफोन कसा जोडता येतो ते वर लिहा. ब्लूटूथ असल्याची खात्री करा, आणि नीट विचारा, कारण काही टीव्हींमध्ये ब्लूटूथ फक्त रिमोटसाठी असतं. बहुतेक स्वस्त टीव्हींना एका वेळी एकच ब्लूटूथ हेडफोन जोडता येतो. दोघांना पाहायचं असेल तर ३.५ मिमीची साधी हेडफोन पिन असलेला टीव्ही घ्या, एका पिनचे दोन करणारा छोटा स्प्लिटर लावा आणि लांब वायर जोडा. हे जुन्या पद्धतीचं वाटेल, पण आवाज ओठांच्या मागे पडत नाही आणि चार्जिंगही लागत नाही.

सेटिंगमध्ये स्लीप टायमर (ठरल्या वेळी टीव्ही आपोआप बंद करणारी सोय) शोधून पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवा. पाहता पाहता झोप लागते, आणि रात्रभर पडदा उजळत राहतो तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर.

टीव्हीत येणार काय, आणि कुठून

नवे लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात, म्हणून टीव्ही घेण्याआधीच ही चाचणी करा.

हॉस्टेलच्या वायफायला जोडल्यावर फोनवर एक पान उघडतं आणि त्यात रोल नंबर, पासवर्ड टाकावा लागतो ना? अनेक टीव्हींवर ते पान उघडतच नाही, किंवा उघडलं तरी दर काही तासांनी पुन्हा लॉगिन मागतं. काही कॉलेजांचं वायफाय प्रत्येकाला वेगळं युजरनेम देतं. तसल्या जोडणीची सोय बऱ्याच टीव्हींमध्ये नसते. म्हणजे स्मार्ट टीव्ही घेतला आणि तो इंटरनेटवरच गेला नाही, असं होतं. शिवाय स्वस्त टीव्ही अनेकदा वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात, आणि हॉस्टेलात शंभर फोन त्याच पट्ट्यावर गर्दी करून असतात. कॉट बेसिसच्या खोलीत घरमालकांचा राउटर दोन भिंतींपलीकडे असेल, तर टीव्ही जिथे येणार तिथे फोन धरून आधी वेग बघा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवू म्हणत असाल तर हिशेब करा. एचडीमध्ये तासाला साधारण ३ जीबी डेटा जातो, कमी दर्जाच्या चित्राला साधारण १ जीबी. रोज दीड-दोन जीबी मिळणाऱ्या रिचार्जमध्ये एचडीत क्रिकेटचं एक सत्रही निघत नाही. चौघे मिळून ब्रॉडबँड घेणं परवडतं, महिन्याच्या बिलाला चारने भागा.

दुसरी अडचण वर्गणीची. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन फोन आणि टॅबवरच चालतो, टीव्हीवर चालत नाही. मोबाइल रिचार्जबरोबर फुकट मिळणाऱ्या वर्गण्याही अनेकदा फक्त मोबाइलपुरत्या असतात. घरचं खातं वापरू म्हणाल, तर नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात एका घराबाहेर खातं वापरण्यावर बंधन आणलं आहे. जालन्याच्या घरचं खातं पुण्याच्या टीव्हीवर अडकू शकतं. फोनचा पडदा तसाच टीव्हीवर दाखवायला गेलात तर काही ॲप काळं चित्र देतात. म्हणून ज्यांच्याकडे जी वर्गणी आहे ती टीव्हीवर चालते का, हे आधी तपासा.

इंटरनेट नसेलच तर दोन जुने मार्ग आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. एक, लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी वायर). लॅपटॉपला हॉस्टेलचं लॉगिन चालतं, त्यामुळे वरची निम्मी अडचण संपते. लॅपटॉपला एचडीएमआयचं तोंड नसेल तर अडॅप्टर लागेल, पण प्रत्येक टाइप-सी तोंडातून चित्र बाहेर येत नाही. घ्यायच्या आधी आपल्या लॅपटॉपचं मॉडेल तपासा.

दोन, डीडी फ्री डिश. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ पासून आहे. डिश आणि सेट टॉप बॉक्सचा एकदाच खर्च, पुढे महिन्याला काही नाही. सह्याद्री वाहिनी त्यात आहे, आणि २००७ च्या कायद्यामुळे भारताचे काही महत्त्वाचे क्रिकेट सामने दूरदर्शनला मिळतात, तेही दिसतात. महाराष्ट्रात या डिशचं तोंड आग्नेयेकडे असतं. त्या बाजूला उंच इमारत किंवा झाड नाही ना, हे बाल्कनीत उभं राहून पाहा. इंटरनेट असेल तर प्रसार भारतीचंच वेव्हज नावाचं ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं आहे, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या डिशशिवाय दिसतात.

स्मार्ट टीव्ही की स्टिक

१ जीबी रॅमचे स्वस्त स्मार्ट टीव्ही पहिले काही महिने ठीक चालतात, मग ॲप मोठी होत जातात आणि रिमोट दाबल्यावर वाट पाहावी लागते. पैसे मोजके असतील तर चांगल्या पॅनेलचा टीव्ही घ्या, मग तो कमी हुशार असला तरी चालेल, आणि नंतर एचडीएमआयमध्ये लावायची स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे टीव्हीवर इंटरनेटची ॲप चालवणारी छोटी काडी, घ्या. खोली बदलताना स्टिक खिशात घालून नेता येते. टीव्हीला एचडीएमआयची किमान दोन तोंडं हवीत, एक स्टिकला किंवा सेट टॉप बॉक्सला, एक लॅपटॉपला.

टीव्हीवर स्वतःचं मुख्य गुगल खातं टाकू नका. खोलीसाठी वेगळं खातं उघडा. नाहीतर तुमचा शोधाचा इतिहास सगळ्यांसमोर येतो आणि तुमच्या नावाने कुणीही काहीही विकत घेऊ शकतो.

नवा की जुना

मे महिन्यात शेवटच्या वर्षाची मुलं खोल्या रिकाम्या करतात आणि टीव्ही मिळेल त्या भावाला देऊन टाकतात. तुम्हाला घाई नसेल तर तेव्हा घ्या. माझा दुसरा टीव्ही असाच सीनियरकडून घेतला आणि तो पुढे तीन वर्षं चालला. फक्त निदान अर्धा तास लावून बघा. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून उभ्या रेषा, मेलेले ठिपके, कोपऱ्यांतले काळे डाग शोधा. पांढऱ्याला निळसर-जांभळी झाक आली असेल तर मागचे दिवे थकले आहेत, तो घेऊ नका. एचडीएमआयची सगळी तोंडं लावून पाहा. मूळ बिल मागा, त्यावरचा नंबर टीव्हीच्या मागच्या नंबराशी जुळवा, आणि तुमच्यासमोर आधीचं खातं काढून टीव्ही रिसेट करायला सांगा.

नवा घ्यायचा तर ३२ इंची साधारण दहा ते पंधरा हजारांत मिळतो. दसरा-दिवाळी, पाडवा, पंधरा ऑगस्ट या वेळी भाव उतरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. ३२ इंच आणि त्याखालच्यांवर तो आधीपासून १८ होता. त्यामुळे दुकानदार "मोठा आता स्वस्त झालाय" म्हणतील, ते खरंही आहे. तुम्ही भिंतीवरचा कागद आठवा.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला अनोळखी नावांचे फार स्वस्त टीव्ही दिसतील. केबल, स्टँड, स्प्लिटर तिथून जरूर घ्या. टीव्ही घेताना मागच्या बाजूला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण, आयएस ६१६ आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा; बीआयएस केअर ॲपवर तो तपासता येतो. जवळपास सर्व्हिस सेंटर आहे का तेही पाहा. वॉरंटी बहुतेक एक वर्षाची असते आणि फुटलेला पडदा तिच्यात येत नाही. पडदा बदलायचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. म्हणून घरपोच मागवला तर आणणाऱ्यासमोर खोका उघडा, व्हिडिओ काढा, शक्य असेल तर तिथेच चालू करा. तक्रारीला दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

पैसे कुणी भरायचे

माझं यात पक्कं मत आहे: टीव्ही एकाने घ्यावा, बिल त्याच्या नावावर, आणि खोली सोडताना तो त्याच्याबरोबर जावा. बाकीच्यांनी ब्रॉडबँड आणि वर्गणी वाटून घ्यावी. हे खर्च महिन्याचे असतात, माणूस गेला की त्याचा हिशेब त्या महिन्यात संपतो. टीव्हीचा चौथा हिस्सा कापून देता येत नाही.

एकट्याला झेपत नसेल आणि काँट्रीच काढायची असेल, तर घेतानाच लिहून ठेवा. आम्ही नंतरच्या खोलीत असं ठरवलं होतं: १२,००० चा टीव्ही चौघांत, प्रत्येकी ३,०००. पहिल्या वर्षाअखेर जाणाऱ्याला १,५०० परत, दुसऱ्या वर्षाअखेर ७५०, पुढे काही नाही. नवा येणारा तेवढीच रक्कम भरून जागा घेईल. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला होता. दोन मुलं मधेच गेली आणि दोघांचाही हिशेब पाच मिनिटांत झाला. न पाहणाऱ्याकडून एक रुपयाही घेऊ नका, आणि परीक्षेच्या पंधरा दिवसांत टीव्ही कधी बंद राहणार हे त्याला ठरवू द्या.

विजेचं

३२ इंची एलईडी टीव्हीला सुमारे ५० वॉट धरा. रोज चार तास चालवला तर महिन्याला ६ युनिट. घरमालक टीव्हीसाठी महिन्याला पाचशे जादा मागत असतील तर हा हिशेब नम्रपणे समोर ठेवा. टीव्हीवरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते दाखवा. एका एक्स्टेंशनमध्ये दुसरं एक्स्टेंशन घालून त्यावर टीव्ही, इस्त्री आणि केटल लावू नका. विजेचा दाब अचानक वाढला तर वाचवणारा चांगला स्पाइक गार्ड घ्या, आणि वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लगच काढा, डिशची वायरसुद्धा.

खोका आणि आतले थर्माकोल फेकू नका. खोका कॉटखाली सरकवा, आणि पाय काढाल तेव्हा त्यांचे स्क्रू एका पिशवीत घालून त्यातच ठेवा. मेमध्ये टेम्पोत टीव्ही उभाच न्यायचा असतो, आडवा नाही, आणि तेव्हा तो खोका लागेल.